डॉ. कमल रणदिवे आणि पेशींचे जग

पेण हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडत असतात. तेथील कारागिराला सर्वांत जपावी लागणारी वस्तू म्हणजे साचा. एखादी मूर्ती फुटली, तर नुकसान एका मूर्तीचे होते. परंतु साच्याचा सोंडेच्या जागी टवका उडाला आणि तो कोणाच्या ध्यानात आला नाही, तर पुढे त्यातून निघणारी प्रत्येक मूर्ती त्याच ठिकाणी सदोष निघते.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकातही असाच एक साचा असतो. त्याला डीएनए म्हणतात. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, तेव्हा हा साचाही दोघींना सारखा वाटून दिला जातो. त्यात दोष शिरला आणि तो दुरुस्त झाला नाही, तर काही वेळा पेशी आपली शिस्त सोडून बेसुमार वाढू लागतात. यालाच आपण कर्करोग म्हणतो. एकाच प्रकारच्या अन्नपाण्यावर व हवेवर वाढलेल्या दोन जीवांपैकी एकाला हा रोग का होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात एका महाराष्ट्रीय विदुषीने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मातोश्रींचे नाव शांताबाई. मुलीला लिहितावाचता आले म्हणजे तिचे शिक्षण पुरे झाले, असे मानण्याचा तो काळ होता. समर्थांच्या घरी मात्र मुलांच्या बरोबरीने मुलींच्या शिक्षणाचीही काळजी वाहिली जाई. कमल हुजूरपागेच्या शाळेत शिकली आणि पुढे वडिलांच्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन तिने विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली.

मुलीने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे आणि एखाद्या डॉक्टराशी तिचा विवाह व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. १३ मे १९३९ रोजी गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस राहावयास आल्या. विवाहानंतर बहुतेक स्त्रियांचे शिक्षण जेथे थांबे, तेथे कमलताईंचे थांबले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम. एस्सी. ही पदवी संपादन केली. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी व गुणसूत्रे. गुणसूत्र म्हणजे केंद्रकात गुंडाळून ठेवलेला डीएनएचा धागा. सूक्ष्मदर्शकातून तो पेशीविभाजनाच्या वेळी आखूड काड्यांसारखा दिसतो. या काड्या मोजणे, त्यांचे आकार लक्षात ठेवणे, त्यांतील एखादी तुटली वा जागा सोडून गेली तर ते ओळखणे, हे मोठ्या चिकाटीचे काम असते. सीताफळ आणि कर्करोग यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु पेशीकडे कसे पाहावे, याचे शिक्षण त्यांना त्या झाडांनीच दिले.

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. कर्करोगाच्या उपचारांसाठी स्थापन झालेल्या या रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होते. रोगाने शरीराच्या घटकांत कोणते फेरबदल होतात, हे पाहणारे शास्त्र म्हणजे विकृतिशास्त्र. आपल्या देशातील लोकांच्या राहणीचा आणि त्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध शोधण्याचे काम खानोलकरांनी केले. तंबाखू व चुना गालात धरून ठेवण्याच्या सवयीचा जो परिणाम होतो, त्याकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले. अशा गुरूच्या हाताखाली कमलताई डॉक्टरेटच्या पदवीसाठी अभ्यास करू लागल्या.

त्यांच्या पुढे प्रयोगासाठी उंदीर होते. उंदरांचे काही वाण असे असतात, की त्यांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होतो. दुसऱ्या काही वाणांत तो क्वचितच आढळतो. पिंजरे तेच, दाणापाणी तेच, सांभाळणारी माणसेही तीच. मग हा भेद कोठून आला? कमलताईंनी निरनिराळ्या वाणांच्या निरोगी माद्यांच्या स्तनग्रंथी तपासून त्यांच्या रचनेची तुलना केली. रोग दिसू लागण्यापूर्वीच त्या शरीरात काही वेगळे असते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. या प्रश्नाची गुंतागुंतही त्यांना ठाऊक होती. अमेरिकेतील जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने १९३६ साली असे दाखवून दिले होते, की काही उंदरांत रोगाचे एक कारण आईच्या दुधातून पिलांकडे जाते. ते कारण म्हणजे एक विषाणू होता, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू असे तीन धागे येथे एकमेकांत गुंतलेले होते. हे धागे सोडवणे हेच पुढे कमलताईंचे जीवनकार्य झाले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध आहे, असे आग्रहाने मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

खानोलकरांनी आपल्या या विद्यार्थिनीला अमेरिकेस जाण्यास उत्तेजन दिले. पाठ्यवृत्ती मिळवून त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. गाय यांचे जगभर नाव झाले ते ऊतिसंवर्धनासाठी. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या नळीत जिवंत ठेवणे व वाढवणे, याला ऊतिसंवर्धन म्हणतात. ऐकण्यास हे सोपे वाटते. परंतु पेशीला शरीरातल्याइतकी ऊब लागते, क्षार, साखर व रक्तद्रव यांचे नेमके मिश्रण लागते. आणि हवेतील एखादा जंतू नळीत शिरला, तर कित्येक आठवड्यांचे श्रम एका रात्रीत वाया जातात. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या आणि आजतागायत जगातील प्रयोगशाळांतून वाढत आहेत. त्या स्त्रीचे त्याच वर्षी निधन झाले. तिच्या पेशी संशोधनासाठी घेताना तिची अनुमती कोणी विचारली नव्हती, ही गोष्टही विज्ञानाच्या इतिहासात नमूद केलीच पाहिजे.

पेशी वाढवण्याची ही विद्या हस्तगत करून कमलताई मायदेशी परतल्या. परळ येथे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथे वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करीत असताना त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी या कामाला लागणारे बहुतेक साहित्य परदेशातून येई. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेल्या, परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात दर वेळी बोटीने येणाऱ्या बाटल्यांची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून १९६० नंतरच्या काही वर्षांत कमलताईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना पोसणारी द्रव्ये येथेच तयार करण्यास आरंभ केला. परदेशात चांगल्या जागांवर असलेल्या काही भारतीय संशोधकांनाही त्यांनी परत येण्यास प्रवृत्त केले. शोध लावणाऱ्याचे नाव पुस्तकात येते. शोध लावता यावा म्हणून जागा तयार करणाऱ्याचे नाव पुष्कळदा मागे राहते. कमलताईंनी ही दोन्ही कामे केली, आणि त्यांतील दुसरे अधिक मोठे होते, असे या लेखकास वाटते.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली. कर्करोगाची उत्पत्ती, पेशीजीवशास्त्र व रोगप्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग त्यांनी सुरू केले. रक्ताचा व अन्ननलिकेचा कर्करोग हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. महारोगाच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या, जंतूंवरही त्यांनी खानोलकर व अन्य सहकाऱ्यांसह काम केले आणि त्यातून पुढे या रोगावरील एका लसीला आधार मिळाला.

आता उंदरांच्या त्या जुन्या प्रश्नाकडे वळू. कमलताईंना डॉक्टरेट मिळाली, तेव्हा डीएनएची रचना कोणास ठाऊक नव्हती. १९५३ साली केंब्रिज येथे जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी ती उलगडली. लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या कामाचा त्यांना आधार मिळाला होता. डीएनएचा धागा दुपदरी असतो. पीळ घातलेल्या शिडीसारखे त्याचे रूप असते. शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची बनते. अ‍ॅडेनीनच्या समोर थायमीन आणि ग्वानीनच्या समोर सायटोसीन हा नियम कधी मोडत नाही. त्यामुळे एक पदर ठाऊक असला, की दुसरा कसा असावा हे आपोआप कळते.

पेणच्या कारागिराचा साचा आणि मूर्ती यांचेही नाते असेच नाही काय? मूर्तीचा उंचवटा तेथे साच्यात खोलगट भाग असतो. मूर्तीला खोक पडली, तर साच्यावरून ती पुन्हा घडवता येते. साच्याचा टवका उडाला, तर धड मूर्तीवरून तो भरून काढता येतो. दोहोंपैकी एक शाबूत असावे लागते, एवढेच. पेशी आपल्या डीएनएची दुरुस्ती करते ती याच युक्तीने.

आणि दुरुस्तीची गरज तिला नित्य भासते. चैत्र-वैशाखात रोह्याकडील शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो. डोक्यावर ऊन असते. त्या उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या पेशींत शिरतात आणि डीएनएमध्ये शेजारी शेजारी असलेली दोन थायमीन एकमेकांना चिकटवून टाकतात. धाग्याला तेथे गाठ पडते. मग पेशीतील काही प्रथिने धाग्यावरून फिरता फिरता त्या गाठीपाशी अडतात. दुसरी प्रथिने गाठीच्या दोन्ही अंगांना धागा कापून सुमारे तीस अक्षरांचा तुकडा काढून टाकतात. समोरचा पदर शाबूत असतोच. त्याच्याकडे पाहून एक विकर नवा तुकडा विणते आणि दुसरे विकर त्याची टोके सांधते. हे काम चालू असते, तेव्हा त्या शेतकऱ्याला त्याची वार्ताही नसते. पेशीतील ही कापून विणण्याची रीत १९६४ साली अमेरिकेतील संशोधकांनी जंतूंमध्ये प्रथम दाखवली. ऊन नसले तरी हानी थांबत नाही. शरीराची स्वतःची ऊब, पेशीतील पाणी, श्वासावाटे घेतलेला प्राणवायू यांनीही डीएनएला इजा होत असते. एका पेशीत अशा इजा दिवसाकाठी हजारोंनी होतात आणि त्यांपैकी बहुतेक सर्व बुजवल्या जातात. या दुरुस्तीचे मार्ग उलगडून दाखवल्याबद्दल २०१५ साली टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वांत बिकट प्रसंग येतो तो दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले म्हणजे. साचाही फुटला आणि मूर्तीही फुटली, मग पाहावयाचे कोणाकडे? क्ष-किरणांनी असे तुटणे घडते. पेशी दुभंगण्याच्या तयारीत असतानाही ते घडते. अशा वेळी पेशीपुढे दोन मार्ग असतात. पहिला घाईचा. तुटलेली टोके जवळ आणून ती सरळ जोडून द्यावयाची. यात काही अक्षरे गळण्याचा संभव असतो. दुसरा मार्ग सावकाशीचा, पण बिनचूक. दुभंगण्यापूर्वी पेशीने आपल्या साऱ्या धाग्याची दुसरी प्रत केलेली असते. तुटलेले टोक त्या प्रतीतील जुळणारी जागा शोधते, तिच्यालगत बसते आणि हरवलेला मजकूर तेथून उतरवून घेते.

या दुसऱ्या मार्गावर काम करणारी काही प्रथिने आहेत. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली असे दाखवले, की ज्या घराण्यांत स्तनाचा कर्करोग तरुण वयात व पुनःपुन्हा आढळतो, त्यांपैकी अनेक घराण्यांत सतराव्या गुणसूत्रावरील एका जागेशी त्याचा संबंध आहे. १९९४ साली ते जनुक हाती लागले. त्याला बीआरसीए-१ असे नाव मिळाले. पाठोपाठ १९९५ साली बीआरसीए-२ सापडले. पुढील संशोधनात कळून आले, की या दोन्ही जनुकांपासून बनणारी प्रथिने तुटलेला डीएनए बिनचूक जोडण्याच्या कामात लागतात. आईकडून वा वडिलांकडून यांपैकी एक जनुक सदोष आले आणि आयुष्याच्या ओघात एखाद्या पेशीतील दुसरेही निकामी झाले, तर ती पेशी घाईच्या मार्गाने धागे जोडू लागते. चुकांवर चुका साचतात. म्हणजे अशा घराण्यात वारशाने येतो तो रोग नव्हे, तर दुरुस्तीतील उणेपणा. म्हणूनच त्या घरातील प्रत्येकीला रोग होतोच असे नाही.

येथे थोडे तारतम्य राखले पाहिजे. डीएनएची दुरुस्ती हा कमलताईंच्या संशोधनाचा विषय नव्हता, आणि त्यांच्या उंदरांना होणाऱ्या रोगात विषाणूचाही मोठा भाग होता. परंतु निरोगी दिसणाऱ्या देहातच रोगाला बळी पडण्याचे कारण जन्मतः दडलेले असू शकते, हा विचार त्यांनी ज्या काळी मांडला, त्या काळी त्यासाठी पुरावा म्हणून सूक्ष्मदर्शक आणि पिंजऱ्यातील उंदीर एवढेच हाताशी होते. माणसाच्या बाबतीत त्या कारणाचा एक भाग गुणसूत्रावर नेमका कोठे आहे हे दिसून आले, तेव्हा कमलताईंचे वय सत्तरीच्या पुढे होते.

त्यांचा गौरवही पुष्कळ झाला. १९६४ साली त्यांना वैद्यक परिषदेचे रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक आणि वाटुमल प्रतिष्ठानाचे पारितोषिक, अशी दोन मोठी पारितोषिके लाभली. भारत सरकारने १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

प्रयोगशाळेत येणाऱ्या तरुण मुली हुशार असत. पण विवाह झाला, मूल झाले, की त्यांपैकी कितीएक काम सोडून जात. हे कमलताईंना खुपत असे. १९७३ साली त्यांनी आणि मुंबईतील आणखी काही स्त्री-शास्त्रज्ञांनी मिळून भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशी येथे या संघटनेने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालवले. शास्त्रज्ञांच्या संस्थेने पाळणाघर चालवावे हे कोणास गमतीचे वाटेल. परंतु मूल कोठे ठेवावे हा प्रश्न सुटल्याखेरीज त्याच्या आईला सूक्ष्मदर्शकापाशी स्वस्थपणे बसता येत नाही, हे त्यांनी जाणले होते.

१९८९ साली त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले, ते परळच्या प्रयोगशाळेपासून फार दूरचे होते. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर हे सह्याद्रीच्या कुशीतील गाव आहे. तेथील सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याची माहिती देण्याचे कामही त्या करीत. नळीतल्या पेशींना कोणते अन्न द्यावे याचा विचार ज्यांनी कित्येक वर्षे केला, त्या आता डोंगरातील मुलांच्या ताटात काय पडते, याच्या नोंदी घेऊ लागल्या.

२००१ साली कमलताईंचे निधन झाले. त्यांनी वाढवलेले संशोधन केंद्र १९६६ सालीच टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडले गेले होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या प्रयोगशाळा परळहून रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील खारघरला डोंगराच्या पायथ्याशी आल्या. पेण-रोह्याहून मुंबईस जाताना पनवेलच्या पुढे हे ठिकाण लागते. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे. कमलताईंनी परळला ज्या रीतीने पेशी वाढवल्या, त्याच रीतीने त्या येथे आजही उबदार कपाटांतून वाढवल्या जातात. आणि बीआरसीए-१ या प्रथिनात कोठे बदल झाला असता तुटलेला धागा सांधला जात नाही, याचाही तेथे अभ्यास झाला आहे. शेजारीच रुग्णालय आहे, आणि उपचारांसाठी तेथे लांबलांबच्या गावांहून रुग्ण येत असतात.